रुखमाबाईंचं चुंबक

गडचांदूरच्या दवाखान्यात गुणवंतराव शुगरच्या रिपोर्टची वाट पाहत बसले होते. पडद्यापलीकडे एका पोरीच्या छातीत मिरगीसाठी बसवलेल्या यंत्रावर नर्सबाईनं तपासायची कांडी धरली होती, आणि नागपूरचे डॉक्टर टॅबवरून तिच्या आईशी बोलत होते. पडदा काही जाड नव्हता.

“रुखमाबाई, महिन्यात तेहतीस वेळा यंत्रावरून चुंबक फिरलंय. नंदिनीला तेहतीस झटके आले?”

“नाई जी! दोनच आले. ते बी लहान.”

“यंत्रात नोंद आहे. रोज संध्याकाळी सातला. मी इथूनच करंट वाढवतो.”

“नोका वाढवू, साहेब,” पोरगी मधेच म्हणाली. “मागं वाढवला त माहा आवाज पुरा बसला होता.”

“मग नंदिनी, तूच सांग. सातला काय होतं?”

“काई नाई होत. आई दिवा लावते.”

गुणवंतरावांनी पेपरचं पान उलटायचं थांबवलं.

“आणि दिवा लावून झाल्यावर, रुखमाबाई?”

“मंग... नजर उतरवते जी पोरीची. तुमीच सांगतलं होतं ना, झटका आला का चुंबक छातीवरून फिरवा म्हून. म्या म्हटलं, त्याले येऊच काऊन द्याचं?”

नर्सबाईला हसू आवरेना.

“म्हणजे खरंच दोन! मागच्या महिन्यात नऊ होते. करंट आहे तोच ठेवतो. पण रुखमाबाई, नजर मीठ-मोहरीनं काढत जा.”

“मीठ-मोहरीनं अकरा वर्षं काढली, साहेब. उतरली त याच्यानंच.”