दुप्पट फिरणारी मोटर

हॅलो?… हॅलो?… हाव, मीच हाय, तारामती. दुसरं कोण उचलणार तुमच्या घरचा फोन?

जोरात बोला जरा. तुमच्या कंपनीचाच आवाज लई येऊन राहिला… न्हाई, इकडं कुट्टी मशीनची मोटर बंद हाय. तुमचा फोन येईस्तवर हात बी लावला न्हाई मी.

जेवलात का?… काय खाल्लं?… निस्ता वडापाव? चाकणला भाकरी थापणारं कोणीच न्हाई का?… बरं बरं, लाईटीचं ध्यानात हाय माझ्या. चारला जाती. चाललेच की कोठ्यात, मशीनपाशी… हां. आले. बोला आता.

आणलं ना मीटर, मोटरीचे फेरे मोजायचं! काल लातूरला जाऊन आले, गुरुबसप्पाच्या दुकानात. त्यानं दोन काढून ठेवले पुढं. एकाला रबरी बोंड होतं, ते फिरत्या दांड्याला टेकवायचं. दुसरं लाल उजेडाचं, लांबूनच बघायचं. म्हणला, ताई, टेकवायचं न्या, त्याला पट्टी-बिट्टी चिकटवायची कटकट न्हाई… हाव, सांगितलं की त्याला. म्हणलं, आमच्या ह्यांनी बजावलंय, फिरत्या मोटरीजवळ हात न्यायचा न्हाई, बेल्टात पदर अडकंल. लांबूनचंच द्या… हसला की मेला! म्हणला, मालक लई काळजीवाले दिसतेत. मी म्हणलं, हाव, काळजी चाकणला ऱ्हाती आन मी अहमदपूरला.

बातमी? बातमी काय, एकच. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणं. आपण त्यात जाणार का लातुरातच ऱ्हाणार, म्हून पारावर भांडून राहिलेत लोक. टँकर कोण्या जिल्ह्यातून येणार, ते मातर कोणी सांगंना.

हाव, किशनराव येणार हायत संध्याकाळी लाईट परत आली की, चारा छावणीवाले. कडबा कापून दाखव म्हणले. कुट्टी बराबर पडली तर छावणीतल्या सगळ्या जनावराची कुट्टी आपल्याच मशीनवर, पाऊस पडंस्तवर… हाव, मग मी इकडून आन तुम्ही तिकडून. दोन्हीकडून कमाई चालंल… चालंल की. मी कुठं काय म्हणलं?

लावली ना पट्टी, चमकती. मीटरच्या डब्यातच होती. आधी पुली पुसून घेतली चिंधीनं, तुम्ही म्हणालात तशी, पार गोल… न्हाई, एकच पट्टी लावली. एकच. किती वेळा सांगू?

करू चालू?… केली. ऐकू येतंय? व्यंकटी मिस्त्रीनं जळक्या तारा काढून नव्या गुंडाळून दिल्यापासून आवाज कसा गोड झालाय बघा… हां, मीटर धरलं. बटन दाबलं. लाल ठिपका पुलीवर हाय… आकडे नाचून राहिलेत… थांबले. दोन, आठ, सात, आठ.

अवं, अठ्ठावीसशे अठ्ठ्याहत्तर!… बराबरच वाचून राहिले. पाटीवर? मोटरीच्या पाटीवर मिनिटाला चौदाशे चाळीस लिहिलंय… परत धरू?… धरलं. तेच आलं.

म्हंजे?… गलत गुंडाळली? चाकूरच्या व्यंकटीनं?… दुप्पट? मोटर दुप्पट फिरून राहिली?… पातं उडंल? अगं माय! केली बंद, केली बंद. तुटून आलं अंगावर तर कोण बघणार मला?

…काय म्हणलात?

न्हाई, ऐकू आलं. पण परत म्हणा… आज? रातच्या गाडीनं? म्हंजे सकाळी इथं?… मोटर उतरवून चाकूरला नेणार, त्याच्यासमोर बसून गुंडाळून घेणार… हाव, हाव, बाईमाणसाचं काम न्हाई ते. बिलकूल न्हाई. तुम्हालाच यावं लागंल.

तर रजेचं विचारा साहेबाला… आत्ताच विचारा. मी धरते फोन. धरून ऱ्हाते.

…आत्याबाई! अवं आत्याबाई, हे येऊन राहिलेत! सकाळच्या गाडीनं!… तुमचा ल्योक, दुसरं कोण? घागरभर पाणी राखून ठेवा, आंघोळ तर घालावी लागंल का न्हाई… मोटरीला काय झालं? काही का होईना! बरं झालं म्हणते मी…

…अगं बाई.

…

हां? हाव, हाय मी. फोन धरूनच हाय… काय न्हाई. काय न्हाई म्हणते ना… आवाज कुठं बदलला? फोनमधून येतोय तसा.

अवं, शिव्या नका देऊ व्यंकटीला… नका देऊ म्हणते ना. लेकरंबाळंवाला माणूस हाय तो… अवं ऐका ना. ऐका. त्याची चूक न्हाई. मोटर चांगली हाय.

टिकली हाय हितं.

टिकली वो! पुलीवर. माझी… खंडेनवमीला तुम्हीच न्हाई का लावली? तेलकट लोखंडावर कुंकू ठरंना, तर म्हणलात, तुझी काढ, तीच चिकटवू मोटरीला. माझ्या कपाळाची काढून लावली, आन दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी गेलात निघून. धुळीनं झाकली होती, मी बी इसरले. आता चिंधीनं पुसली तर चमकून राहिली. पट्टी हिकडं आन टिकली बराबर समोरच्या अंगाला… हाव! एका फेऱ्याचे दोन फेरे धरून राहिलंय मीटर. मोटर बिचारी एकच मारती.

काढू? काय, टिकली?… न्हाई.

न्हाई म्हंजे न्हाई. तुम्ही तिकडं परमुलखात आन मी हितं माझ्या हातानं टिकली खरडून काढू? बोलताना तरी इचार करत जा… पट्टी काढते. पट्टी काय, गुरुबसप्पाची हाय… कसं वाचंल म्हंजे? टिकलीवरून उजेड परततोय म्हून तर दोन मोजले ना त्यानं? मग एकटीला बी मोजंल.

थांबा… निघाली पट्टी. मोटर चालू केली… धरलं मीटर… एक, चार, तीन, नऊ.

हाव. चौदाशे एकोणचाळीस. बराबर हाय.

…

हाव, दाखवते किशनरावाला चालवून. जमंल मला. तुम्ही फिकर करू नका… हाव, आता कशाला येता मग? गाडीभाडं खामखा… हाव.

रडून राहिले, मग काय करू? रडू बी नको का? सांगितलं नसतं तर सकाळी दारात असता तुम्ही. पण त्या व्यंकटीच्या मानगुटीवर बसला असता, ते बी बरं न्हाई. टिकली दिसली ती दिसली. पाच मिनिटं उशिरा दिसली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

…काय? साहेब उभे हायत जवळ? रजा द्यायची का न्हाई, मला विचारतो म्हणले?… दुप्पटच सांगू? लटकं बोलू?… अवं मला न्हाई जमायचं ते. तुम्हीच बोला… अवं थांबा, देऊ नका त्यांना—

नमस्कार, साहेब.

हाव, त्यांचीच मंडळी… नाव कसं घेऊ, साहेब?… बरं. ग्यानोबा. घेतलं.

हाव, मोटरीचं खरं हाय. दुप्पट फिरून राहिली… म्हंजे, होती. दुप्पट दिसून राहिली होती. आता न्हाई… न्हाई साहेब. बिघाड काही न्हाई. मोटर चांगली हाय.

हाव. रजेला कारण उरलं न्हाई, बराबर हाय तुमचं.

तरी बी पाठवा, साहेब.

…दुसरं कारण कुठून आणू? दसऱ्यापासून बघितलं न्हाई मी त्यांना. आता पाडवा येऊन राहिला… न्हाई, घरी बिमार कोणी न्हाई. सगळे बरे हायत. मलाच करमंना. एवढंच हाय.

…

हॅलो? कोण, तुम्ही? काय म्हणले साहेब?… हसले? म्हंजे कसे हसले?… मग?… खरं सांगा, माझी आण हाय…

किती दिस?… दोन.

दोन तर दोन. कमी कुठं म्हणलं मी?

आन गाडीत झोपू नका. तुमची झोप लई वाईट. लातूर गेलं की जागे ऱ्हावा, चाकूर आलं की दारापाशी येऊन उभे ऱ्हावा, पुढचं अहमदपूरच. न्हाई तर नांदेडात डोळे उघडायचे, आन दोनातला अर्धा दिस उलट्या गाडीतच जायचा… हसू नका. माझे दोनच हायत.

मला? मला काही नको… साडी आणून काय करू, धुवू कशात? काही आणू नका. बाजारात बी जाऊ नका, तेवढ्यात गाडी निघून जाईल. सुटी झाली की तसंच निघा, रिकाम्या हातानं या… हॅलो?

लाईट गेली वाटतं, टावर बी गेला तिच्यासंगं… हॅलो? ऐकलं का? रिकाम्या हातानं या म्हणलं मी… हॅलो?… हॅलो?