पांढऱ्या झाकणाचं वाण

हाव मॅडम, समजलं की समदं — सकाळी मारुतीच्या पारावर तुमी सांगून राहिल्या तवा म्होरंच बसले होते मी. औषधाचा डबा मोकळा झाला की तीनदा खंगाळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच वतायचं, मग डब्याला भोक पाडायचं. खंगाळायचं पटलं. पण भोक? चांगल्या धडधाकट डब्याला? — घ्या, चहा घ्या, निवून राहिला. — आता तुमी बाईमाणूस म्हणून सांगते, पारावर न्हाई बोलले. औंदा संक्रांतीला वाण काय लुटलं मी? शेजारची नीलाबाई दरसाल तेच, कंगवा न्हाईतर चाळणी. मी कापसावरल्या औषधाचे डबे जमवले, राखेनं घासले, सोड्याच्या पाण्यात बुडवले — पांढरं झाकण, धरायला कान — अन् हळदीकुंकू लावून एकेकीला दिले. लई नाव झालं. सरपंचीणबाईनं तर तेलाला म्हणून दुसरा मागून नेला.

वास? न्हाई ना, नाक घालून बघितलं — काय म्हणता, वास गेला तरी औषध राहतं? प्लास्टिकमधी मुरतं? मग हे सकाळीच सांगायचं की. सांगितलं व्हय? मी भोकाच्याच नादात होते बघा.

कप का खाली ठेवला? चहाचं पाणी माठातलं हाय हो. माठ… माठ डब्यानंच भरते, हे खरं.

समदे डबे परत मागून घेऊ म्हणता? हसू नका. दिलेलं वाण परत मागणारी बाई भोकर तालुक्यात अजून जन्मली न्हाई. नीलाबाईला तर वर्षभर बोलायला होईल. तुमीच सांगा घरोघरी, माझं नाव न घेता — तुमच्यासारख्या शास्त्रज्ञाचं ऐकतात. अन् बायका त्यात तेल ठेवतात, डाळ ठेवतात, पिण्याचं पाणी कोण ठेवून राहिलं? आमची शिल्पा तेवढी. सून माझी. सातवा चाललाय, तहान लई लागते, म्हणून तिला मीच ओलं फडकं गुंडाळून उशाशी ठेवून दिलाय. सगळ्यात चांगला डबा निवडला होता तिच्यासाठी — काय?

पोटातल्याला बी?

…उठा. उठा मॅडम, राहू द्या तो चहा. समद्या गल्लीत मीच सांगते, मी दिलं म्हणून सांगते, हसू दे कुणाला हसायचं ते. — थांबा जरा. शिल्पा, ए शिल्पा. ठेव तो डबा खाली. नको पिऊ बाई. सासूनं दिलाय म्हणूनच सांगते, ठेव.