परदेशी बाईची फुगडी

फुगडीत मी हात सोडला नाय, हे वाडीत कुणी मानायलाच तयार नव्हतं. कंपनीचे परदेशी पाहुणे आमचा गौरीचा नाच बघायला आलेले. ते खूश झाले तर वाडीला नळ मिळणार होता. त्यांतली एक बाई हौसेनं माझ्याशी फुगडी घालायला उभी राहिली, आणि ऐन गिरकीत तिनंच हात सोडले. दोघी आपटलो!

जाऊबाई ओरडल्या, "नळ घालवलास गो!"

"माझ्यावर कशाला? तिला विचारा!"

दुभाष्यानं विचारलं. बाई कंबर चोळत म्हणाली, "नमस्कार ऐकला की लगेच हात जोडायचे, असं सकाळी मला एका गृहस्थांनी शिकवलं. आत्ता तेच गृहस्थ माइकवर नमस्कार म्हणाले."

नळ अजून आला नाय. आता घागर उचलताना सगळ्या बाया एकालाच शिव्या घालतात: सरपंच बाळाराम.