एका कार्डावर दोघी

हॅलो? …हॅलो? कोण, ठमे? थांब, गाडी जातेय, काही ऐकू येत नाही. …हं, आता बोल.

हो, बाहेर पडले. आत्ताच. कचेरीसमोरच्या बाकावर बसलेय. …अगं, जेवले. म्हणजे जेवेन. आधी ऐकून तर घे.

पास झाले. …हो, हो… अगं, पास! तीसपैकी सत्तावीस. कायदा कोण करतं, निवडणूक कधी होते, झेंड्यावरचे रंग कशाचे… सगळं धडाधड सांगितलं. शेवटी पाच ओळी लिहायला लावल्या, त्याही लिहिल्या. कोंबडीचे पाय, पण वाचता येतात म्हणाले.

…नाही गं, एवढ्यात नाचू नकोस. अजून नागरिक-बिगरिक कुणी झालं नाही. पुढं ऐक. …ऐक ना! तोंडाला जरा कुलूप लाव.

आज डॉक्टरीणही होती. …तेच की! मलाही वाटलं, छाती तपासतील, सोडतील. तर म्हणाली, आडव्या व्हा. झाले. पोटावर हात ठेवला आणि थांबलीच. "हे कसलं?" म्हणाली. …कसलं काय? तू जिथून बाहेर आलीस ते! वीतभर टाके. एकतीस वर्षांत मीच विसरले होते. आणि अर्जात आपण काय लिहिलंय? …हं. अपत्य नाही.

…दोष देत नाही गं. तू सांगितलंस, मी लिहिलं. तुझं बरोबरच होतं.

…आता मलाच समजावू नकोस. इथं जन्मलं म्हणून कुणी इथलं होत नसतं, आईबापांपैकी एक तरी इथलं लागतं. मला ठाऊक नाही का? तुझा बाप परका, मी परकी. इथली काय ती एक माझी जाऊ.

…हो, चूकच झाली. पण तेव्हा चूक वाटलीच नाही. दवाखान्याच्या धुलाईघरात आम्ही एका कार्डावर दोघी राबायचो. सकाळी जाऊ, दुपारी मी. कार्ड तिचं, हात माझे. निम्म्या बायका अशाच. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. चादरी पिळता पिळता कळ आली, तशी ओल्या कपड्यांनिशीच मला वरच्या मजल्यावर नेली. खिडकीतल्या माणसानं कार्ड मागितलं. खिशात होतं ते दिलं. …अगं, दुसरं होतंच कुठं? तिच्या कार्डावर घाम गाळत होते, तिच्याच कार्डावर बाळंत झाले. दाखल्यावर तू तिची झालीस. तिची झालीस म्हणून इथली झालीस.

…बाई चांगली, म्हणून तर. मरेपर्यंत कुठं बोलली नाही. तुझ्या शाळेत ती पालकांच्या खुर्चीवर बसायची, मी भिंतीशी उभी. तुझ्या बाई म्हणायच्या, काकू, तुम्ही पण या ना पुढं. …जाऊ दे. आता कशाला उकरायचं.

तर डॉक्टरीण विचारते, मूल कुठंय?

…खरं? खरं सांगायचं? नको, नको, नको. डोकं फिरलंय का तुझं? माझं खरं झालं की तुझा दाखला खोटा. दाखला खोटा की पोस्टातली नोकरी गेली. आणि पोटातलं? सातवा लागलाय तुला. जावई परवान्यावर, तूही परकी ठरलीस, तर ते कुणाचं म्हणायचं? पुन्हा तोच खेळ?

…मग काय सांगणार? म्हटलं, झालं होतं. गेलं.

…ठमे?

…अगं, निघून गेलं तोंडातून. …हो, अभद्रच. मला का आनंद झाला? जीभ झडली नाही हेच नवल. डॉक्टरीण बिचारी हळहळली. पाणी दिलं. मग कागद पुढं सरकवला, म्हणाली, तुमच्या हातानं लिहा. …हो, मीच लिहिलं. साठी उलटल्यावर पाटी धरली. सगळा वर्ग मला आजी म्हणायचा, तिथं बसून दोन वर्षं गिरवलं. कशासाठी? तर माझी मुलगी मेली, हे कुणाची मदत न घेता लिहिता यावं म्हणून.

रडू नकोस. …रडू नकोस म्हटलं ना, पोटातल्याला कळतं. कागदावर मेलेल्याला आयुष्य वाढतं म्हणतात. …कोण म्हणतं काय? मी म्हणते!

…नाही ना संपलं. संपलं असतं तर इथं बाकावर कशाला बसले असते? पुढच्या खोलीत चष्मेवाला साहेब. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, इथं 'नाही', इथं 'मृत'. मेळ बसत नाही, मृत्यूचा दाखला आणा. म्हटलं, नाही हो तो. तेव्हा आमच्याकडं कुठले कागद! तर म्हणाला, मग प्रतिज्ञापत्र चालेल. यांचं मूल वारलं हे मला ठाऊक आहे, असं नात्यातल्या कुणीतरी लिहून द्यायचं. आणि देणारा इथला नागरिक पाहिजे.

…महिनाअखेरपर्यंत. त्याच दिवशी माझा परवाना संपतो. मागाहून धुलाईघरानंच काढून दिलेला तो. त्यांनी घरी बसवलं, आता नवा कोण काढून देणार? …परत जा म्हणतील, दुसरं काय? कुठं परत? तिथं मला ओळखणारं झाडसुद्धा उरलेलं नाही.

…जाऊ गेली. दीर तिच्याआधी गेले. शेजारीण नात्यातली नाही. तूच मोज बघू, उरलं कोण. …मोजलंस?

…हो.

…हो गं. तूच.

…पुतणी म्हणून. कागदावर तू पुतणीच की माझी. मी विचारलं साहेबाला, पुतणी चालेल का? म्हणाला, उत्तम. तिच्या जन्माआधीचं असलं तरी चालेल, घरात ऐकलेलं असलं म्हणजे पुरे.

…मी कुठं म्हणतेय करच? नको करूस. जाईन मी. …बरं, ओरडू नकोस. नाही जात. …ऐक. ऐक ना माझं. रजा टाकायची गरज नाही, खिडकी साडेचारपर्यंत उघडी असते. ओळखपत्र आण, दोन फोटो आण. मजकूर मी लिहून ठेवते, तू नुसती सही कर. वाचूसुद्धा नकोस.

…काय?

…नाव? हो, रकाना आहे ना. मृत अपत्याचं नाव. मोकळा सोडून आलेय. तुझं कसं लिहू? तू तर खाली सही करणार. …तूच सांग एखादं. कुठलंही सांग. बाळासाठी ठरवलंयस ते तेवढं सोडून.

…हं. थांब, पेन काढते. …सावकाश सांग गं, मला अजून भरभर लिहिता येत नाही. …पुन्हा सांग. …हं.

लिहिलं. ठेवते.