देशकर साहेब नाच निवडायला गेले

देशकर साहेबांना तुम्ही कडक म्हणता ना? मग हे ऐका. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. चांद्याच्या कला मंडळाचे ते सचिव, मी कारकून. नागपूरच्या संमेलनासाठी उत्तम नाचणारे निवडून आणा, असा अध्यक्षांचा हुकूम होता, म्हणून आम्ही अहेरीपलीकडच्या एका गोंड गावात गेलो.

ढोल सुरू झाला, साहेब खाटेवर बसले आणि ढोल थांबला.

गावचा म्हातारा पाटील म्हणाला, "कोणी बसून राह्यलं तं आमच्या इथी नाच होत नाई, साहेब. उठा."

"अहो पाटील, मला निवड करायची आहे."

"करा नं. नाचता नाचता करा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आधीच रांगेत उभा होतो. शेवटी कोट खाटेवर ठेवून तेही आले. एक हात पाटलाच्या हातात, दुसरा माझ्या. साहेबांचा पाय चुकला की अख्खी रांग अडखळायची, पण कोणी त्यांना बाहेर काढलं नाही.

चांद्याला परतल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "मग, सगळ्यांत चांगलं कोण नाचलं?"

साहेब म्हणाले, "ते नाही सांगता येत. सगळ्यांत वाईट कोण नाचलं, ते मात्र अख्ख्या गावाला माहीत आहे."