पुष्पाचा वन्समोर

गोंदियात छोट्या सिनेमांचा महोत्सव होता. हॉलच्या दारासमोरच्या रांगेत माझ्यापुढे कामठ्याच्या दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. एकीच्या काखेत गुंडाळलेली चटई होती.

"चटई कायले आणली वो, पुष्पा?"

"दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईच्या नाटकाले नेतोच ना आपण. रातभर बसा लागते."

"हे नाटक नोहे. आतमधी खुर्च्या आहेत, अन् सिनेमा पाव घंट्याचा आहे."

"बस? मंग तू त्यात किती दिसशीन?"

"धानाच्या बांधीत रोवणा करता करता गाणं म्हणतो, तेवढंच."

"गाणं पुरं आहे का?"

"पुरं आहे. त्या सिनेमावाल्या पोरीनं एक ओळ नाई काढली म्हणते."

"मंडईत गाणाऱ्या बाया नागपूरहून आणतेत. तुले कोणी स्टेजवर चढू देल्लं का, सुलोचना? आज मी वन्समोर म्हणीन. जोरात."

"सिनेमात वन्समोर नसते, पगली. पडद्यावरची बाई ऐकते का?"

"कायले ऐकन ते? पण तू तं माह्या बाजूलेच बसून राहशीन."

"मंग?"

"मंग काय? उभी राहजो अन् म्हणजो."

"एवढ्या लोकाईत?"

"बांधीत कमी लोकं राहतेत का?"

"पुष्पा, दार उघडलं वो."

"भेव लागून राहिला का?"

"नाई. पाण्याची बाटली दे. गळा ओला करू दे."