सोमवार व मंगळवारची पातळी

दिनांक १३ डिसेंबर १९७३, गुरुवार. वेळ सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

माझे नाव कु. वत्सला पंजाबराव गोटे, वय २३ वर्षे, धंदा नोकरी (ट्रेसर, रोजंदारीवर), राहणार मौजे तळसावंगी, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. मला ठाण्यावर कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले असून समक्ष सांगते ते असे :

मी वरील ठिकाणी आईसह राहते. आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. वाशीम येथे एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवण्याचे काम करते. गावात तलाव राखण मंडळ आहे, त्याची मी चिटणीस आहे. किराणा दुकानदार पूनमचंद संचेती हे अध्यक्ष व शेतकरी उकंडराव खिल्लारे हे उपाध्यक्ष आहेत. या कामाचा मोबदला कोणी घेत नाही.

मागील वर्षी दुष्काळात तलाव पूर्ण आटला, त्यानंतर मंडळ स्थापन झाले. तलावाच्या पश्चिमेला सहा हेक्टर पाणथळ आहे. तेथे लव्हाळा व पाणकणीस वाढते आणि हिवाळ्यात चक्रवाक, बदके व करकोचे उतरतात. ही जागा लागवडीसाठी लिलावाने देण्याचा प्रस्ताव आहे. मंडळाने हरकत घेतली असून सुनावणी २० डिसेंबर रोजी अकोल्यास आहे. तेथे दाखवण्यासाठी मंडळाचा एकच पुरावा आहे, तो म्हणजे पाण्याच्या पातळीची वही. बांधालगतच्या मोजपट्टीवर रोज सकाळी सात वाजता पाणी पाहून मी वहीत नोंद करते. आजवर १६८ नोंदी आहेत. त्यांपैकी दोन खोट्या आहेत. त्या मी लिहिल्या आहेत.

सोमवार दिनांक १० रोजी अकोल्यास कायम जागेसाठी नकाशा काढण्याची परीक्षा व मंगळवारी मुलाखत होती. जागा एक व उमेदवार एकोणीस होते. जाणार असल्याचे मी आईखेरीज कोणास सांगितले नाही. वही शाळेच्या व्हरांड्यातील पेटीत असते व कोणीही उघडून पाहते. दोन रकाने कोरे दिसले असते तर विचारणा झाली असती. या दिवसांत तलाव रोज अर्धा सेंटिमीटर उतरतो, महिनाभरात त्यात फरक पडलेला नव्हता. रविवारी मी प्रत्यक्ष पाहिलेली पातळी २४१ सेंटिमीटर होती. त्यावरून सोमवारची २४०.५ व मंगळवारची २४० अशा दोन्ही नोंदी मी न पाहता रविवारी सायंकाळीच लिहून ठेवल्या. सोमवारी पहाटे साडेपाचच्या बसने गेले व मंगळवारी सायंकाळी सहा वाजता परत आले.

मंगळवारी सायंकाळी सातच्या सुमारास उकंडराव आमच्या घरी आले. सोमवारी ते कापूस विकण्यासाठी वाशीमला गेले होते, रांगेत तेथेच मुक्काम पडला व मंगळवारी दुपारी परतले. त्याची तारीख घातलेली पावती त्यांच्याजवळ आहे. तलावावरील राखणीची मंगळवारची फेरी त्यांची होती, ती करून ते आले होते. त्यांचे व माझे बोलणे आठवते तसे सांगते.

ते म्हणाले, "ताई, पाणी खाली गेल्यासारखं वाटून राह्यलं. बाभळीपाशी चिखल दिसते."

मी म्हणाले, "वही पाहिली का?"

"पाह्यली ना. दोनशे चाळीस लिवलं हाये तुमी."

"मग तेवढेच असेल."

ते हसून म्हणाले, "मंग माह्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला म्हणा. तुमची पट्टी कवा चुकत नाही." चहा न घेता ते गेले. मी तलावावर गेले नाही. प्रवासाने थकले होते.

मंडळाचा एक नियम येथे सांगणे जरूर आहे. पाणी सोडण्याची मोरी बांधाच्या पश्चिम टोकाला, लव्हाळ्याला लागून आहे. पक्षी उठू नयेत म्हणून मार्गशीर्ष ते फाल्गुन मंडळाच्या कोणीही बांधावरील बाभळीच्या पुढे जायचे नाही, असा ठराव आहे. तो उकंडरावांनी मांडला व मी लिहिला. बाभळीपासून मोरी दिसत नाही. ती उघडी राहिली तर आम्हाला कळण्याचा मार्ग मोजपट्टी एवढाच होता.

बुधवार दिनांक १२ रोजी सकाळी पावणेसात वाजता मी तलावावर पोहोचले व आरडाओरडा ऐकून बाभळीच्या पुढे गेले. मोरीजवळ उकंडराव होते व त्यांच्या हातात मोरीचे चाक फिरवण्याचा लोखंडी दांडा होता. शेतकरी गोविंदसिंग यांनी त्यांच्या अंगातली बंडी धरलेली होती. गोविंदसिंग यांचे शेत बांधाखाली असून नाल्याचे पाणी शिरल्याने त्यांच्या खोपीतला वेचलेला कापूस भिजला होता. ते म्हणत होते, "पक्ष्यायचा वकील झाला का बे तू? पक्ष्याले डबकं अन् माह्या कापसाले आंघोळ?" उकंडराव म्हणत होते, "म्या उघडली नाही, बाप्पा, चिखल पाहून आलो अन् म्या बंद केली. दांडा पयलेच लागेल होता. ऐक तरी." गोविंदसिंग यांनी ऐकले नाही. लोक जमले. मी मोजपट्टी पाहिली. पातळी २१६.५ होती. ती वहीत लिहिली. इतर काही बोलले नाही.

पोलीस दहा वाजता आले व वही जप्त करून घेऊन गेले. वहीप्रमाणे सगळे पाणी मंगळवार सकाळी सातनंतर गेले असे दिसते. त्यापैकी मंगळवार दुपारपासून उकंडराव गावात होते व बुधवारी त्यांच्या हातात दांडा सापडला. या दोन गोष्टींवरून त्यांना अटक झाली आहे. पैकी पहिली गोष्ट माझ्या नोंदींमुळे उत्पन्न झाली असून ती खरी नाही.

हिशोब असा आहे. तलावाचा पसारा सोळा हेक्टर व मोरीचा पाइप एक फूट व्यासाचा आहे. मोरी पूर्ण उघडली तरी चोवीस तासांत चौदा ते पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी जात नाही. रविवार ते बुधवार रोजची घट वजा करता तेवीस सेंटिमीटर पाणी गेले आहे. त्यास एकोणचाळीस तास लागतात. बुधवारी पावणेसातपासून मागे मोजल्यास मोरी सोमवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास उघडली गेली. त्या वेळी उकंडराव वाशीमला रांगेत होते. हिशोबाचा कागद सोबत जोडला आहे. तो दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा.

दांडा पूनमचंद यांच्या दुकानात असतो. बुधवारी सायंकाळी चार वाजता मी दुकानावर गेले. ते गादीवर बसले होते. मी विचारण्यापूर्वीच ते बोलले.

"आज मासोळीच्या ठेकेदाराचं जाळं पडणार होतं, वत्सला. मले पाहवत नाही ते. म्हटलं, दोन घंटे मोरी खोलू, जेवढे मासे नाल्यानं नदीत जातील तेवढे जीव वाचतील. सोमवारी तीन वाजता खोलली. पाच वाजता बंद कराले जाणार होतो, पण लगेच शिरपूरहून निरोप, हीराबाई गेल्यातच जमा हाय म्हणून. सख्खी बहीण. साडेतीनची बस धरली."

"दोन दिवस उघडी राहिली, काका."

"मले वाटलं, तू हायस ना. तू रोज सात वाजता येतंच. पट्टी पाहशील, तुले समजंल, तू बंद करशील. त्या भरवशावर मी बहिणीपाशी बसलो." नंतर त्यांनी विचारले, "तुले काहून नाही दिसलं?"

मी त्यांना खरे सांगितले. त्यांची बहीण वाचली आहे, असे त्यांनी मध्येच सांगितले.

पुढे ते म्हणाले, "उकंडरावाची जमानत मी देतो. वकील मी लावतो. खटला टिकत नाही. पण वहीले हात लावू नको. दोन नोंदी खोट्या निघाल्या की एकशे अडुसष्ट खोट्या. वीस तारखेले कोण इचारीन आपल्याले? सहा हेक्टरात नांगर फिरंल. अन् तुह्या नोकरीचं पाह्य."

मी म्हणाले, "तुमचे नाव सांगावे लागेल."

ते म्हणाले, "सांग. ते मी नाही म्हणत नाही. मीच जाणार होतो, पण पाय उचलून नाही राह्यला."

त्यांनी सांगितलेली वेळ व माझा हिशोब यांत पाऊण तासाचा फरक येतो. पातळी उतरेल तसा मोरीचा जोर कमी होतो. त्यामुळे हा फरक धरण्यासारखा आहे. मोरी उघडताना मी पूनमचंद यांना पाहिलेले नाही. मी ऐकले तेवढेच सांगितले.

विचारल्यावरून सांगते की, मुलाखतीचा निकाल लागलेला नाही. कामात अचूकपणा कसा राखता, असा प्रश्न मुलाखतीत होता. मी मोजपट्टीचे उदाहरण दिले होते.

विचारल्यावरून सांगते की, मंगळवारी सायंकाळी सात वाजता मी उकंडरावांबरोबर तलावावर गेले असते तर मोरी त्याच वेळी बंद झाली असती. त्या वेळेपर्यंत सुमारे सोळा सेंटिमीटर पाणी गेलेले होते. पश्चिमेच्या पाणथळावर बुधवारी सकाळी पाणी नव्हते. पक्षी मोजले नाहीत. मोजण्यासारखे नव्हते.

उकंडराव कालपासून समोरच्या खोलीत आहेत. मी आत आले तेव्हा त्यांनी गजांतून विचारले, "ताई, आज पट्टी पाह्यली?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मंग पयले तिथं जा ना. हे काय, दुपारी बी होते." वही येथे जप्त आहे, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मंग कागदावर लिवा. रकाना खाली काहून सोडता?" त्यांना मी कशासाठी आले हे तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे. समोरचे दार उघडे असून मी जमादारांना सांगत असलेले त्यांना ऐकू जाते.

आजची पातळी मी अद्याप घेतलेली नाही. येथून गेल्यावर घेईन व तिच्यापुढे सात वाजता असे न लिहिता खरी वेळ लिहीन.

जमादार रामधन यांनी लिहून घेतलेला हा मजकूर त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एक शब्द मी सांगितला तसा नव्हता. सोमवार व मंगळवारच्या नोंदी 'नजरचुकीने' झाल्या, असे त्यांनी माझ्या भल्यासाठी लिहिले होते व तसेच राहू द्यावे असे दोनदा सुचवले. मी तो शब्द खोडून त्या जागी 'न पाहता' असे घालून घेतले आणि दुरुस्तीपाशी वेगळी सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : वत्सला पं. गोटे
वेळ सकाळी ११ वाजून ५ मिनिटे